पाच पंप पुरे

जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरची छऱ्याची बंदूक आपल्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी हातात घेतलेली असते. मधे मोडायची, छर्रा घालायचा, परत सरळ करायची, की झाली तयार. आत एक दणकट स्प्रिंग असते आणि ती दाबायला लागतो एकच हिसका. पंपाची बंदूक हे प्रकरण वेगळं आहे. तिच्या नळीखाली एक लांब लिव्हर असतो, तो उघडायचा आणि मिटायचा, परत उघडायचा परत मिटायचा, तीनदा म्हणा, पाचदा म्हणा, जास्तीत जास्त दहादा, आणि एवढी मेहनत करून शेवटी उडतो काय तर एक छर्रा, अर्ध्या ग्रॅमचा. पुढच्या छऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पहिल्यांदा बघणारा माणूस हसतोच. आमच्या घरातही हसून झालंय सगळ्यांचं.

पण मला ही बंदूक आवडते ती ह्याच कारणासाठी. हवेच्या बाकीच्या बंदुकांमधे किती ताकद आत गेली आणि त्यातली किती छऱ्याला मिळाली ह्याचा हिशोब आपल्याला जाणवतच नाही. स्प्रिंगवालीत स्प्रिंग बघून घेते, सिलिंडरवालीत आधीच दाबून भरलेल्या हवेचा सिलिंडर. पंपाच्या बंदुकीत मात्र वाया गेलेली प्रत्येक फुंकर आपल्याच दंडातून गेलेली असते, आणि तीस-चाळीस छर्रे मारून झाले की दंड बरोबर सांगतो की बाई गं, आज बरंच फुकट गेलं. त्यामुळे ही बंदूक 'ट्यून' करणं म्हणजे ताकद वाढवणं असं मला कधी वाटलंच नाही, गळती शोधणं हेच खरं काम, आणि गळती शोधायची सवय तर आपल्याला घरातूनच असते.

राहते मी न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरला. इथे लेक ओंटारिओवरून बर्फ येतो तो नोव्हेंबरात जो सुरू होतो तो एप्रिल आला तरी मनावर घेत नाही. संध्याकाळी पाचला अंधार, बाहेर उणे दहा, मग माणूस बेसमेंटमधे काहीतरी चाळा शोधतो, कोणी रेल्वेचे डबे फिरवतं, कोणी बिअर बनवतं. आमच्या बेसमेंटमधे फर्नेसपासून वॉशिंग मशीनपर्यंत तिरकं मोजलं तर बरोबर दहा मीटर भरतात. हे मी मोजलं हेच मुळात नवऱ्याला संशयास्पद वाटलं होतं.

बंदूक आली शेजारच्या आजोबांच्या गराज सेलमधून. कोडॅकमधून रिटायर झालेला माणूस, आयुष्यभर मशीन दुरुस्त्या केलेल्या, प्रत्येक वस्तूचं मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवणार. टेबलावर एक क्रॉसमन १३७७ ठेवली होती, दिसायला मोठं पिस्तूल, खाली ब्राउन प्लॅस्टिकचा पंपाचा हात. मी उचलून लिव्हर उघडला मिटला, तर ते म्हणाले, घेऊन जा, पण तिला कधीही पूर्ण रिकामी ठेवू नकोस, ठेवताना एक पंप मारून ठेव, व्हॉल्व्हची सीलं बसलेली राहतात. किंमत सांगायच्या आधी हे सांगितलं, ह्यावरून माणूस कळला.

क्रॉसमन ही कंपनी इथलीच. मला वाटायचं की बंदुकांची कंपनी म्हणजे कुठल्या तरी तोफखान्यातून निघालेली असणार, पण हिचा उगम निघाला बी-बियाणांच्या धंद्यात. रॉचेस्टरला क्रॉसमन मंडळींचा भाजीपाल्याच्या फुलझाडांच्या बियांचा मोठा व्यवसाय होता आणि त्याच घराण्यातून १९२३-२४ च्या सुमाराला ही पंपाची रायफल बाहेर पडली. पुढे कारखाना ईस्ट ब्लूमफील्डला गेला, आमच्याकडून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. अमेरिकेत ह्या प्रकाराची परंपरा जुनी, सेंट लुईसची बेंजामिन, विस्कॉन्सिनमधल्या रसीनची शेरिडन ह्या कंपन्या, आणि नंतर क्रॉसमनने त्या दोघींनाही आपल्या पंखाखाली घेतलं. त्याच्याही आधी, १८०३ ते १८०६ मधे लुईस आणि क्लार्क हे संशोधक प्रवासी पॅसिफिकपर्यंत गेले तेव्हा त्यांच्याकडे हवेची एक रायफल होती, बहुतेक अभ्यासकांच्या मते ऑस्ट्रियन सैन्यातली जिरार्दोनी. तिचा दस्ताच हवेची टाकी होता आणि तो भरायला दीड हजाराच्या आसपास पंप मारायला लागत असं सांगतात. दहाला कंटाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तर मुद्दा. ह्या बंदुकीबद्दल कोणाशीही बोला, पहिला प्रश्न ठरलेला, किती एफपीएस? म्हणजे छर्रा सेकंदाला किती फूट जातो. जणू मोटरसायकलचा टॉप स्पीड. मग त्या आकड्याच्या मागे लागून लोक कडक स्प्रिंगा घालतात, दहाच्या ऐवजी पंधरा वीस पंप मारतात, आणि मग एक दिवस चाप ओढला तर नुसता 'टक', काहीच बाहेर येत नाही. घाबरायला होतं अशा वेळी कारण बंदूक भरलेली आहे, आत प्रचंड दाब आहे, आणि छर्रा नळीतच. झालेलं असतं एवढंच की व्हॉल्व्ह, म्हणजे दाबलेली हवा कोंडून ठेवणारी कोठी आणि तिची झडप, आतल्या हवेच्या दाबानेच मिटलेला राहतो, आणि त्याला उघडायला जो हॅमर मागून येऊन आपटतो त्याची ताकद त्या दाबापुढे कमी पडते. जितकी हवा जास्त कोंबाल तितका व्हॉल्व्ह घट्ट. मॅन्युअलमधे 'किमान तीन, कमाल दहा' लिहिलेलं असतं ते काय उगाच नसतं.

मी आधी क्रोनोग्राफ घेतला. दोन सेन्सर, मधून छर्रा गेला की वेग दाखवतो, एवढंच यंत्र, पण ते नसेल तर ट्यूनिंग म्हणजे निव्वळ गप्पा. ७.९ ग्रेनचा, म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमचा, छर्रा ठरवला आणि कंपनीतून आली तशीच बंदूक आधी मोजली. तीन पंपांना साधारण ३७०, पाचला ४५०, आठला ५२०, दहाला ५५०. नुसते हे आकडे बघितले तर वाटतं चढतोय ना वेग, मग मारा दहा. पण वेगाचा आकडा फसवतो, ऊर्जा काढून बघायला लागते. छऱ्याचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग भागिले ४५०२४०, म्हणजे फूट-पाऊंड मिळतात. तसं केलं की तीन पंपांना २.४, पाचला ३.५५, आठला ४.७५, दहाला ५.३. म्हणजे पहिल्या तीन पंपांनी प्रत्येकी पाऊण फूट-पाऊंडाच्या वर दिलंय आणि शेवटच्या दोघांनी, ज्यांना सगळ्यात जास्त जोर लागतो, दात-ओठ खाऊन मारायला लागतात, त्यांनी जेमतेम पाव-पाव. हा धंदा कोण करेल?

मग प्रश्न पडतो की शेवटच्या पंपांचं जातं कुठे. इथे खरी मजा आहे.

लिव्हर मिटला की पिस्टन पुढे सरकत सरकत व्हॉल्व्हच्या तोंडाला जाऊन टेकतो आणि पंपाच्या नळीतली सगळी हवा व्हॉल्व्हमधे ढकलतो, असं आपण समजतो. सगळी जात नाही. पिस्टनचं डोकं आणि व्हॉल्व्हचं तोंड ह्यांच्यात एक फट राहतेच, आणि त्या फटीत अडकलेली हवा तितक्याच दाबाची असते जितका दाब आत व्हॉल्व्हमधे आहे. समजा पंपाच्या एका फेरीत २० सीसी हवा येते आणि फट आहे अर्ध्या सीसीची. आत व्हॉल्व्हमधे २० पट दाब तयार झाला असेल तर त्या अर्ध्या सीसीत बाहेरची १० सीसी हवा कोंबून बसलेली असते, म्हणजे निम्मा पंप आत गेलाच नाही. चाळीस पट दाबाला तर काहीच आत जाणार नाही, तुम्ही दिवसभर पंप मारत बसा. (दाबताना हवा तापते त्यामुळे खरे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण गणिताचा गाभा हाच.)

आणि ही फट हाताला कळते, त्याला क्रोनोग्राफही लागत नाही. आठवा-नववा पंप मारून लिव्हर मिटवा आणि हात अलगद सैल करा. लिव्हर आपणहून बोटभर उघडतो, कोणीतरी आतून ढकलल्यासारखा. ती फटीत अडकलेली हवा असते, परत फुगून पिस्टनला मागे सारते. (व्हॉल्व्हच्या आतला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा परत मागे येऊ न देणारी झडप, गळत असेल तरी असंच होतं, फक्त तेव्हा तो थांबत नाही, येतच राहतो.) माझ्या बंदुकीचा लिव्हर पाचव्या पंपापासूनच ही उसळी द्यायला लागायचा. इतके दिवस मला वाटायचं की ताकद भरलीय म्हणून उडतोय.

ह्याच्यावर इलाज जुनाच आहे आणि इथले हौशी लोक वर्षानुवर्षं करतायत. मूळच्या पिस्टनच्या डोक्याला रबरी कप असतो आणि व्हॉल्व्हचं तोंड त्या कपात बसेल असं केलेलं असतं, कागदावर छान, पण प्रत्यक्षात दोन वाकडे आकार एकमेकांत शंभर टक्के कधी बसत नाहीत. मग पिस्टनचं डोकं सपाट करायचं, व्हॉल्व्हचं तोंडही सपाट, आणि सीलसाठी कडेला ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी. सपाटावर सपाट. वर पिस्टनची लांबी आट्यांवर कमी-जास्त करता येते, म्हणजे फट अगदी केसाएवढी ठेवता येते.

पार्ट मिळतात तयार, तो भाग सोपा आहे. ॲडजस्ट करणं हे खरं काम. पिस्टन आखूड ठेवला तर फट राहते, लांब ठेवला तर लिव्हर मिटतच नाही किंवा जोर करून मिटवला तर जोडाच्या पिना वाकतात. मी डिप्लोमाला असताना वर्कशॉपमधे जॉब सपाट आहे की नाही बघायला त्याला निळं लावायचो आम्ही, सरफेस प्लेटवर घासून जिथे डाग पडेल तिथे उंचवटा. तेच केलं. व्हॉल्व्हच्या तोंडाला मार्करची शाई लावली, ओली असतानाच लिव्हर मिटवला, मग पिस्टन बाहेर काढून बघितला. पहिल्यांदा कोरा. अर्धा आटा बाहेर, परत शाई, परत मिटवणं, परत कोरा. पाव आटा. आता एका कडेला चंद्रकोरीसारखा निळा डाग, म्हणजे पिस्टन टेकतोय पण तिरका. व्हॉल्व्हचं तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासलं, आठ आकडा काढत, दर थोड्या वेळाने हातातल्या हातात फिरवत, कारण हात नेहमी एकाच बाजूला जास्त दाबतो. मग कधीतरी पूर्ण गोल डाग उमटला. त्या दिवशी मी पिस्टनचा फोटो काढून भाचीला पाठवला आणि तिचं उत्तर आलं, "आत्या, हे काय आहे?"

तिच्याबद्दल सांगते पुढे. आधी तेलाचं.

आईकडे पंपाचा स्टोव्ह होता, पितळी. त्याच्या पंपाला चामड्याचा वायसर असायचा आणि तो सुकला की पंप नुसता खुळखुळ हलायचा, हवा धरायचाच नाही. आई दांडी बाहेर ओढायची, वायसरच्या कडा बोटांनी बाहेर उमलवायची, तेलाचा थेंब सोडायची आणि परत सरकवायची, की स्टोव्ह भर्रकन पेटायचा. ह्या बंदुकीत तेच आहे, जुन्या बंदुकांमधे तर कपही चामड्याचेच असायचे. पिस्टनमागे एक फेल्टची चकती असते, तिच्यावर कंपनीने सांगितलेल्या तेलाचे एक-दोन थेंब, बस. दाराच्या बिजागऱ्यांना मारायचा कुठलाही स्प्रे आत मारू नये. तेल जास्त झालं तरी ते हवेबरोबर नळीत जातं आणि पुढचे काही छर्रे वेडेवाकडे जातात.

आता व्हॉल्व्हची दुसरी बाजू, जिथून हवा छऱ्याकडे जाते. इथे दोन प्रकारे वाया जातं आणि दोन्ही कानाने कळतात. एक, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि थोडी हवा आतच राहते. छर्रा मारून झाला की नळी सापळ्याकडेच, म्हणजे छर्रे अडवणाऱ्या पेटीकडेच, धरून, बिनछऱ्याचं परत कॉक करून (हॅमर मागे ओढून) चाप ओढायचा, 'फुस्स' आलं की समजायचं काहीतरी उरलं होतं. ती हवा वाया गेली असं नाही, पण पुढच्या वेळेला तुम्ही पाच पंप समजून साडेपाचाचा छर्रा मारता, आणि एकसारखेपणाची वाट लागते. काही जण मुद्दामच हवा उरवतात, एकदा भरपूर भरून मग दर छऱ्यामागे दोन-तीन पंप, असाही एक पंथ आहे, पण माझ्या डोक्याला तो हिशोब झेपत नाही. मला प्रत्येक छर्रा शून्यापासून सुरू झालेला आवडतो.

दुसरा प्रकार, व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि छर्रा नळीबाहेर पडल्यावरही हवा येतच राहते. ती फक्त आवाज करते. बेसमेंटमधे असा आवाज झाला की वरून विचारणा होते, म्हणून मला लगेच कळायचं. कडक स्प्रिंग घालणारे लोक नेमकं हेच करून ठेवतात आणि आवाज मोठा झाला म्हणून खूश होतात. ह्याच्यावर खरा उतारा म्हणजे लांब नळी. मूळ नळी जेमतेम दहा इंचाची, हवेला छऱ्यामागे धावायला वेळच मिळत नाही, अर्धी ताकद शिल्लक असतानाच छर्रा सुटतो. अठरा इंची नळी घातली की तेवढ्याच पंपांत छर्रा जास्त वेगाने जातो आणि आवाजही मवाळ होतो. व्हॉल्व्हमधून नळीकडे जाणारं भोक, त्याच्या कडा, तिथली छोटी ओ-रिंग, हे सगळंही बघायला लागतं. ओ-रिंगेला कणभर जरी चीर असेल तरी ब्रीचपाशी, म्हणजे जिथे छर्रा भरतात तिथे, गालाला वारा लागतो. टिश्यू पेपरची पट्टी तिथे धरून चाप ओढायचा, पट्टी हलली की गळती.

एवढं सगळं झाल्यावर पाच पंपांना आता ४९० च्या आसपास येतात, म्हणजे ४.२ फूट-पाऊंड. आधी ज्याला सात पंप लागायचे ते पाचात. लिव्हरची उसळी जवळपास गेली. दहा पंपांना किती, हे सगळे विचारतात. सहाशेच्या जवळ जातो. पण मारत नाही मी.

आता भाची. माझ्या भावाची मुलगी, कोल्हापूरला असते आणि दहा मीटर एअर रायफल करते. कोल्हापुरात हा खेळ काही नवलाईचा राहिलेला नाही, तेजस्विनी सावंतने २०१० मधे म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सोनं आणलं, आणि २०२४ ला पॅरिसमधे राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हा तर अख्खं शहर रस्त्यावर होतं. ती दोन्ही मेडलं पन्नास मीटरची, पॉइंट टू-टू रायफलची, पण पोरं सुरुवात करतात ती एअर रायफलनेच. भाचीची रायफल सिलिंडरवाली, आत रेग्युलेटर, प्रत्येक छऱ्याला मापात हवा. तिने माझे आकडे बघितले आणि म्हणाली, "आत्या, तुझा स्प्रेड बारा फुटांचा आहे. बंदूक एवढी बसवलीस ना? मग हात बघ तुझा." (स्प्रेड म्हणजे सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद छऱ्याच्या वेगातला फरक, सेकंदाला इतके फूट असा.)

लहान पोर पण बोलली ते खरं होतं. बंदूक गळत नव्हती आता, एकसारखी नव्हती ती मी.

ह्या सिलिंडरच्या आधी, ऐंशीच्या दशकात, मॅचच्या बऱ्याचशा रायफली पंपाच्या असायच्या, पण एकाच पंपाच्या. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊची ६०० नंबरची मालिका त्यातली गाजलेली. एकच लिव्हर, एकच फेरी, पिस्टन दर वेळी त्याच जागी जाऊन थांबणार, मोजायचं काही नाही, चुकायचं काही नाही, त्यामुळे त्या बंदुका वर्षानुवर्षं एकाच वेगाने मारत राहायच्या. पाच पंपांच्या बंदुकीत चुकायला पाच जागा. एखाद्या फेरीत लिव्हर पूर्ण उघडला नाही तर पिस्टन हवा आत यायच्या वाटेच्या मागे जातच नाही, मग ती फेरी अर्धीमुर्धी. झटकन उघडून झटकन मिटवला तर पंपाची नळी नीट भरायच्या आतच पिस्टन परत निघतो. आणि उष्णता. हवा दाबली की तापते, पाच पंप भराभर मारले तर पंपाची नळी हाताला कोमट लागते, तेव्हा लगेच चाप ओढला तर वेग जास्त, आणि छर्रा भरत बसलात, चष्मा पुसलात, कोणी हाक मारली म्हणून ओ दिलीत, तर तोवर आतली हवा निवते, दाब उतरतो, वेग कमी. बंदूक तीच, पंप तेच.

म्हणून मग मी लय ठरवली. उघडायचा, पूर्ण, मनात 'एक' म्हणेपर्यंत थांबायचं, मिटवायचा सावकाश. पाच झाले की छर्रा भरायचा, नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, चाप. दर वेळी तेवढाच वेळ. ज्यांना लहानपणी पाढे म्हणायला लावलेत त्यांना हे जड नाही. पंप मारताना नळीला धरायचं नाही, हेही भाचीनेच व्हिडिओ बघून सांगितलं. मी नळी मुठीत धरून लिव्हर मिटवायची, आणि त्या ओढाताणीत नळी कणभर हलत असणार. आता हात मागे, ब्रीचच्या खाली धरते. स्प्रेड पाच-सहा फुटांवर आला, आणि त्यासाठी एकही पार्ट विकत घ्यायला लागला नाही.

ह्याने कागदावर किती फरक पडतो हेही प्रामाणिकपणे मोजायला हवं. ४९० च्या वेगाला दहा मीटरवर छर्रा नळीच्या रेषेपासून अडीच सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. वेगात दहा फुटांचा फरक पडला तर हे खाली येणं मिलिमीटरभराने बदलतं. पंचवीस मीटरवर तेच सहा-सात मिलिमीटर होतं. म्हणजे बेसमेंटमधे माझ्यासारखीला काही कळणारही नाही, पण भाचीच्या कागदावर दहाचा जो ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा आहे, पेनाच्या टोकाएवढा, तिथे मिलिमीटर म्हणजे मेडल. प्रत्येकाचा मिलिमीटर वेगळा असतो. माझ्या बाबतीत छऱ्यांनी जास्त फरक पाडला. एकाच डब्यातले छर्रे पांढऱ्या कागदावर पसरून बघितले तर काहींचा घेर चेपलेला असतो, काही उतारावर ठेवले की सरळ न घरंगळता वळसा घेतात. ते बाजूला काढले की पुष्कळ काम होतं. दागिन्यांच्या काट्यावर एकेक वजन करणारेही आहेत, मी एकदा केलं आणि मग मला झोप आली.

सापळा म्हणून लाकडी पेटीत इलेक्ट्रिशियन लोक वापरतात ती राखाडी पुट्टी भरलीय, छर्रा 'थप्' करून रुततो, उसळून येत नाही. चष्मा लावल्याशिवाय चाप नाही आणि छर्रे शिशाचे, त्यामुळे हात धुतल्याशिवाय चहा नाही. भारतात २०१६ च्या नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही. माझी पाच पंपांना सहा ज्यूलही भरत नाही. पण म्हणून ती खेळणं होत नाही, एवढ्या वेगाचा छर्रा डोळ्याला काय करेल हे सांगायची गरज नाही, आणि पक्ष्यांवर नेम धरणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

सध्या बेंचवर आजोबांची शेरिडन आहे. ब्लू स्ट्रीक, ह्या कंपनीची स्वतःची वेगळी पाच मिलिमीटरची नळी, अक्रोडाचा दस्ता, पितळी अंग, वजन हातात घेतलं की कळतं की ही प्लॅस्टिकच्या जमान्यातली नाही. पंप धरते पण रात्रभर ठेवली की सकाळी रिकामी, म्हणजे कुठेतरी हळू गळतेय. टबात पाण्याखाली धरून बुडबुडे बघायचा मोह होतो पण आजोबा म्हणाले खबरदार. व्हॉल्व्ह बाहेर काढायला एक खास खाचांचा लांब पाना लागतो, तो सहजी मिळत नाही आणि ज्याच्याकडे आहे तो देत नाही. म्हणून एक जुना लांब सॉकेट आणलाय आणि त्याच्या तोंडाला कानशीने दोन दात पाडायचं चाललंय. एक दात झालाय. दुसरा बरोबर समोर यायला हवा, नाहीतर पितळेच्या खाचा खरवडल्या जातील, आणि आजोबा रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विचारतात, कुठपर्यंत आलं.